एअर रायफलसाठी पूर्व भागातून करून घेतलेला सागवानी स्टॉक: एक उन्हाळा वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसाला सगळं वाचायची गरज नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सुतार अण्णांकडून मी माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलला लाकडी स्टॉक, म्हणजे हातात धरायचा आणि खांद्याला टेकवायचा दस्ता, करून घेतला. साडेचार हजार रुपये लागले. काम दणकट, दिसायला ओबडधोबड, वेळेच्या बाबतीत बोंब. नेम सुधारला. धक्का कमी झाला का, तर थोडासा. पण आता तो दर वेळी सारखा बसतो, आणि मला तेच हवं होतं. शिवाय या सुधारणेतला बराच मोठा हिस्सा तुम्हाला एका एलन-कीने (स्क्रू आवळायच्या षटकोनी चावीने) घरबसल्या फुकटात मिळू शकतो, तेही खाली सांगणार आहे. अण्णांना ते आवडणार नाही, पण त्यांना तसंही गिऱ्हाईक जास्तच आहे.

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. रायफल मुळात मुलाची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ मारलं, आणि सोलापुरातल्या निम्म्या पोरांना अचानक आपणही नेमबाज असल्याचा साक्षात्कार झाला. आमचाही त्यातलाच. हट्ट करून घेतली, दिवाळीपर्यंत चालवली, मग इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि रायफल कपाटावर. कॉलेजात असताना मी एनसीसीत .२२ बोअरची रायफल चालवलेली होती, हात शिवशिवत होतेच. कारखान्याच्या गोडाऊनमध्ये सरळ १० मीटरची मोकळी पट्टी आहे. टोकाला जाड पत्र्याची पेटी, तिच्यात टॉवेलच्या कातरणी ठासून भरलेल्या, वर कागद. दार आतून बंद, डोळ्यांना चष्मा, कामगार सुटल्यानंतरच. एवढी शिस्त पाळली की बाकी निवांत. ४.५ मिलीमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून हे शक्य आहे. पण परवाना नाही म्हणून ते खेळणं होत नाही, हे पोरांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

रायफलच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. त्या किमतीत सगळ्यांचीच गत थोड्याफार फरकाने तशी असते. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, बंद करायची, असला प्रकार. स्टॉक काळा, प्लास्टिकचा, आतून पोकळ. दुकानात हातात घेतला की हलका आणि झकास वाटतो. घरी येऊन बटवर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, टिचकी मारा, आतून रिकाम्या डब्याचा आवाज येतो. झाडली की स्प्रिंगची झणझण त्या पोकळीत घुमून थेट गालाच्या हाडात यायची. पण आवाजाशी माझं भांडण नव्हतं, मागांच्या खडखडाटात संसार केलेली बाई मी. भांडण होतं कागदावरच्या भोकांशी. पहिले काही छर्रे जवळजवळ पडायचे, मग हळूहळू पसरायला लागायचे, आणि संध्याकाळ संपेपर्यंत पाच छर्रे २० ते २२ मिलीमीटरमध्ये. १० मीटरवर हे लाजिरवाणं आहे. स्पर्धेच्या एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटरचा असतो, आणि नऊचं वर्तुळ साडेपाचचं. मी काही स्पर्धेला जाणार नव्हते, पण खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका समोर ठेवून सुपारीएवढा पसारा घालायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

इथे थोडं आतलं सांगते, कारण स्टॉकवर पैसे घालायचे की नाही हे त्यावरच ठरतं.

बारुदाच्या रायफलमध्ये धक्का एकाच दिशेने असतो, मागे. स्प्रिंगच्या रायफलमध्ये तो दोनदा येतो. घोडा सुटला की आतला पिस्टन स्प्रिंगच्या जोरावर पुढे पळतो, म्हणून रायफल मागे येते. पिस्टन टोकाला दाबलेल्या हवेवर आपटतो, थांबतो, किंचित उलटतो, आणि रायफल झटक्यात पुढे जाते. छर्रा हलायला लागतो तोवर पिस्टनचा बहुतेक प्रवास झालेला असतो. म्हणजे छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल मागे-पुढे नाचून झालेली असते, किंवा नाचत असते.

किती नाचते याचा हिशेब साधा आहे. पिस्टन आणि स्प्रिंगचा हलणारा भाग मिळून पाव किलो धरा, धाव ९ सेंटीमीटर, रायफल साडेतीन किलोची. पाव भागिले साडेतीन गुणिले ९०, म्हणजे सहा-साडेसहा मिलीमीटर. मोकळी सोडली तर रायफल एवढी मागे सरकणार. आता .२२ शी ताडून बघा. तिची गोळी २.६ ग्रॅमची, रायफल ५ किलोची, नळी ६५ सेंटीमीटर. तोच हिशेब केला तर गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल एक तृतीयांश मिलीमीटर सरकते. कुठे साडेसहा आणि कुठे अर्ध्या मिलीमीटरच्याही आत. लोक म्हणतात, एअर रायफल आहे, तिला कसला आलाय धक्का. खांद्याला लागत नाही हे खरं. पण छर्रा आत असताना ती जितकी हलते, तितकी .२२ हलत नाही.

आता हे हलणं थांबवता येत नाही. स्टॉक कितीही ताठ केला तरी पिस्टनचा संवेग तेवढाच राहणार. रायफल जड केली तर मागे यायचा वेग कमी होतो, तेवढाच. मग ताठपणाने फरक काय पडतो? फरक असा पडतो की लोखंडी भाग आणि स्टॉक एकत्र हलतात की वेगवेगळे. पोकळ प्लास्टिकमध्ये स्क्रूच्या डोक्याखाली प्लास्टिक दबतं. पुढे दोन बाजूंना दोन स्क्रू, मागे ट्रिगर गार्डपाशी (घोड्याभोवतीच्या कडीपाशी) एखाद-दुसरा, आणि दोन्ही दिशांचे सगळे झटके तेवढ्यांनीच सोसायचे. परवान्याच्या बऱ्याच रायफलींत धक्का झेलायला रिकॉइल लग नावाचा पोलादी ठोकळा असतो, तो स्टॉकमधल्या खाचेत टेकतो. इथे तो नाही. स्क्रू केसभर सैल झाला की लोखंडी भाग आधी स्वतःपुरता मागे येतो आणि मग स्टॉकला धडकतो. त्या पहिल्या क्षणात स्टॉकचं वजन हिशेबातच नसतं. आणि स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, तर त्या लोखंडावर बसवलेला, तो परत नेमका कुठे येऊन थांबेल ते स्क्रूच्या मर्जीवर. जमिनीतले बोल्ट सैल झालेला माग बघितलाय का कधी? चालतो तो, कापडही विणतो, पण सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकतो आणि कापडावर पट्टे पडतात. माझ्या कागदावर तसेच पट्टे पडत होते.

दुसरी गोष्ट वाकण्याची. पुढच्या भागाची प्लास्टिकची भिंत अंगठ्याने दाबली तर आत जाते. टेकूच्या पिशवीवर ठेवून नेम धरला, की रायफलच्या वजनाने आणि माझ्या हाताच्या दाबाने ती किती वाकते हे दर वेळी वेगळं. मी एक प्रयोग केला, कोणालाही करता येईल. एकदा पुढचं टोक पिशवीवर ठेवून पाच छर्रे मारले, मग पिशवी मागे घेऊन ट्रिगर गार्डच्या जरा पुढे ठेवून पाच मारले. दोन गटांची मधली जागा १२ मिलीमीटर वर-खाली. स्कोपला हातही लावलेला नव्हता.

आणि आपला उन्हाळा. गोडाऊनवर पत्रा, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, आत त्याहून जास्त. साधं पॉलिप्रॉपिलीन थंडीत जेवढं ताठ असतं तेवढं त्या उष्म्यात राहत नाही, चांगलंच मऊ पडतं. काचेचे तंतू घातलेलं नायलॉन बरंच बरं, पण या किमतीच्या स्टॉकमध्ये ते कुणी घालत असेल असं वाटत नाही. ताठपणाचा आकडाच सांगायचा तर साधं पॉलिप्रॉपिलीन दीड गिगापास्कलच्या आसपास, सागवान दहा-बारा, अॅल्युमिनियम सत्तर. म्हणून तर मोठ्या स्पर्धांतल्या रायफलींना अॅल्युमिनियमचे सांगाडे असतात, पानाने खालीवर करायचे गाल आणि खांदे असलेले. ते आपल्या खिशातलं काम नव्हे.

तर अण्णा.

त्यांचं नाव-नंबर इथे देत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. पूर्व भागात मागाचं लाकडी सामान दुरुस्त करणाऱ्यांत विचारा, दोन-तीन नावांत त्यांचं येईलच. मागातल्या धोट्याला फटका मारणारी काठी मिनिटाला कितीतरी फटके खाते. ती कुठून फाटते, लाकडाची रेषा कशी धरली म्हणजे टिकते, हे अण्णांना झोपेत विचारलं तरी सांगतील. आमच्याकडच्या जुन्या मागांचं काम वर्षानुवर्षं तेच करतात. आता नवीन मागांत लाकूडच उरलं नाही, म्हणून ते पलंग, देव्हारे, शोकेस करतात आणि कंटाळतात. मी रायफल घेऊन गेले तेव्हा डोळे चमकले.

"हे काय करलालाव वहिनी, पाखरं मारायची का?"

"पाखरं नाहीत हो अण्णा, कागद."

"कागदाला एवढं सामान?" म्हणाले, आणि स्टॉक उपसून उलटा करून आत बोट घातलं. "ह्याला पोटच नाही. नुसती कातडी."

त्यांनी एक अट आधीच घातली: परवान्याच्या हत्याराला हात लावणार नाही, एअर रायफल असली तरच. मला ते पटलं. बंदुकीची कामं परवानाधारकाकडेच करायची असतात, आणि अण्णांना पोलिसांचं लचांड नको. ज्यांच्याकडे .२२ आहे त्यांनी इथून पुढे फक्त माहितीसाठी वाचावं.

लाकूड त्यांनी कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं काढलं. सागवान, वाळून वाळून आता हलायचं बंद झालेलं. एकच ठोकळा कोरायचा नाही म्हणाले. मधे शिसवीची पट्टी, दोन्ही बाजूंना सागवान, रेषा तिन्हींच्या लांबीच्या दिशेने. मी विचारलं, शिसवी कशाला, दिसायला का? तर म्हणाले दिसायलाही, आणि स्क्रू जिथे बसणार तिथे कठीण लाकूड पाहिजे म्हणूनही. सागवानाला नैसर्गिक तेल असतं, त्यावर गोंद नीट धरत नाही. चिकटवायच्या आधी त्यांनी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसले, लगेच इपॉक्सी लावला आणि शिकंजे आवळून ठेवून दिलं. ही पुसायची पायरी विसरलेले सुतार मी पाहिलेत. आमच्या घरातलं एक टेबल त्याची साक्ष देत उभं आहे, म्हणजे अर्धं उभं आहे.

पुढच्या भागाची जाडी हा माझा मुद्दा होता, आणि त्यावर आमची खडाजंगी झाली. अण्णांना निमुळता, देखणा आकार हवा होता. मला भरीव, जाड हवा होता. वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो: जाडी दुप्पट केली की आठपट ताठ. म्हणजे चार-पाच मिलीमीटर जास्त ठेवले तरी केवढा फरक. हे मी त्यांना लाकडाच्या दोन पट्ट्या हाताने वाकवायला लावून दाखवलं. ते म्हणाले, "हे मला सांगू नका वहिनी, पलंगाच्या पाट्या मीच करतो." आणि मग मुकाट्याने जाड ठेवला.

सगळ्यात चांगलं काम आतलं आहे, जे कुणाला दिसणार नाही. प्रत्येक स्क्रूच्या भोकात त्यांनी पितळी बुश, म्हणजे आखूड पोकळ नळकांडं, बसवला, लेथवाल्याकडून वळवून आणलेला. स्क्रू आवळला की जोर लाकडावर न येता बुशवर येतो, लाकूड दबत नाही, आणि आज आवळलेलं उद्याही तेवढंच आवळलेलं राहतं. मग लोखंडी भागाला बूट पॉलिश फासलं, लाकडाच्या खाचेत इपॉक्सी भरला, आणि रायफल तिच्यात बसवून ठेवली. पॉलिशमुळे लोखंडाला गोंद चिकटत नाही, आणि वाळल्यावर खाच बरोबर त्या लोखंडाच्या साच्याची होते. कुठे पोकळी नाही, कुठे एका बिंदूवर टेकणं नाही. याला नेमबाज लोक बेडिंग म्हणतात आणि त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. अण्णांनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. मी मोबाइलवर चित्र दाखवलं, तर म्हणाले मागाची बेअरिंग बसवताना असंच तर करतो.

ट्रिगरच्या खाचेमागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक होतं, तिथे त्यांनी आडवा पोलादी स्क्रू घातला आणि वरून शिसवीची टिकली लावून झाकला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात .३०३ च्या ली-एनफिल्ड लष्करी रायफली बनायच्या तेव्हा त्यांच्याही पुढच्या लाकडात असाच एक आडवा स्क्रू असे, लाकूड उभं फाटू नये म्हणून. अण्णांना ईशापूर माहीत असायचं कारण नाही. झटके खाणारं लाकूड कुठून उसवतं हे दोघांना आपापल्या परीने कळलं, एवढंच.

आता कागदावर काय झालं ते.

इथे मी जरा चिकाटी दाखवली, कारण नवीन वस्तूवर पैसे घातले की माणसाला सगळं छानच दिसतं. तेच छर्रे, तीच पिशवी, तीच वेळ, आणि तीन अवस्था. जुना प्लास्टिकचा स्टॉक, स्क्रू आपोआप सैल झालेले: २२ मिलीमीटर. तोच प्लास्टिकचा स्टॉक, स्क्रू नीट आवळून, दात्यांचे वॉशर घालून: १४. अण्णांचा स्टॉक: ९. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेले, बरेच गट मारून साधारण पडणारे आकडे. चांगल्या दिवशी कमी, चहा जास्त झाला की जास्त.

बघा म्हणजे. तेरा मिलीमीटरच्या सुधारणेतले आठ नुसत्या स्क्रूने आले. म्हणून म्हणते, साडेचार हजार काढायच्या आधी एलन-की काढा. सगळे स्क्रू बाहेर घ्या, तेल पुसा, निळा थ्रेड-लॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एकेक थेंब लावा, पुन्हा बसवा. लाल लावू नका, तो परत उघडताना रडवतो. ताकद लावून पिळू नका, नाहीतर प्लास्टिकच चिरडेल. माझ्या ओळखीतल्या दोघांचं एवढ्यानेच समाधान झालं आणि त्यांनी अण्णांचं दार बघितलंच नाही.

मग मी लाकडी का ठेवला? कारण प्लास्टिकमधले ते १४ टिकत नाहीत. थ्रेड-लॉक असला तरी स्क्रूच्या डोक्याखालचं प्लास्टिकच दबत जातं, मग स्क्रू जागचा न फिरताही सैल. उन्हाळ्यात तर संध्याकाळच्या एका बैठकीत फरक दिसायचा. लाकडीवर एप्रिल-मे काढले, पत्र्याखाली, पंखा नावाला. स्क्रू एकदाही आवळावा लागला नाही. पावसाळ्यात काय होईल ते बघायचंय. सागवान फुगत-आकसत कमी, आणि सोलापुरात पाऊस तो किती, त्यामुळे चिंता नाही.

पिशवीची जागा बदलायचा प्रयोगही परत केला. प्लास्टिकवर १२ मिलीमीटरची तफावत होती, लाकडीवर ४. शून्य का नाही? कारण ती चार ताठपणाची नव्हेतच. स्प्रिंगची रायफल कुठे टेकवली, किती घट्ट धरली यावर ती कशी उसळेल हे ठरतं, आणि जगातला सगळ्यात ताठ स्टॉक बसवला तरी ते राहणारच. तिला घट्ट आवळून धरायचं नाही. डाव्या तळव्यावर नुसती टेकवायची, खांद्याला हलकी लावायची, आणि तिला तिच्या मनाप्रमाणे मागेपुढे जाऊ द्यायचं, पण दर वेळी तसंच. मुलगा ती रायफल अशी पकडायचा जशी कुणी हिसकावून नेणार आहे. बालेवाडीच्या रेंजवर जाऊन आल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं असावं, हल्ली फोनवर मला शिकवतो.

धक्क्याची भावना मात्र पूर्ण बदलली. रायफल आता तीन किलो नऊशे ग्रॅम भरते, पूर्वी सव्वातीनच्या आसपास होती, त्यामुळे मागे येणं मंदावलं. पण वजनाहून जास्त जाणवते ती झणझण गेल्याची. भरीव लाकूड कंप पिऊन टाकतं, पोकळ प्लास्टिक तो वाजवून दाखवत होतं. आता एक छोटा, कोरडा दणका येतो आणि संपतो. त्यामुळे घोडा सुटल्यानंतरही ठिपका स्कोपमध्ये दिसत राहतो, नेम कुठे गेला हे कागद बघायच्या आधी कळतं. शिकायला याचा उपयोग फार. कडक म्हणजे चांगलंच असं मात्र समजू नका. कार्बन फायबरचे स्टॉक सागवानाहून कितीतरी ताठ असतात, पण इतके हलके की नुसत्या वजनाच्या हिशेबाने रायफल जास्त उडते. ते डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्यांसाठी. दहा मीटरवर बसून मारणाऱ्या माझ्यासारखीला थोडा बोजा हवाच.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुका लागतात ना, त्यांचा दस्ता यंदा मुद्दाम हलवून बघितला. तारेने गुंडाळलेला, चिकटपट्टीवर चिकटपट्टी, धरला की लोखंड एकीकडे आणि लाकूड दुसरीकडे. लोक म्हणतात स्टॉलवाल्याने नळीच्या टोकावरची नेमाची माशी वाकवून ठेवलीय. तीही वाकवलेली असेल. पण माशी सरळ असती तरी त्या खिळखिळ्या दस्त्यावर दोन छर्रे एका जागी पडले नसते. स्टॉलवाला माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्यावरून पुढच्या वर्षी मला बंदूक मिळेल असं वाटत नाही.

आता तक्रारी, कारण त्या आहेत आणि लहान नाहीत.

पहिली, माप. अण्णांनी स्टॉक स्वतःच्या हाताला करून बघितला, माझ्या नाही. घोड्यापासून बटच्या टोकापर्यंत चौदा इंच ठेवले. मला साडेबारा पुरतात. कोपरात हात काटकोनात दुमडून तिथून बोटाच्या पेरापर्यंत मोजायचं असतं, आणि ते मी लिहून दिलेलं होतं, कागद त्यांच्या पाट्याखाली सापडला. पकडायची मूठही जाड, जणू रंध्याची. दोन्ही परत उतरवून घेतलं, पण तासल्याच्या खुणा मुठीजवळ अजून दिसतात.

दुसरी, गालाची उंची. बट फार खाली उतरवली. जुन्या शिकारी बंदुकांसारखा आकार त्यांच्या डोक्यात होता. त्याचे दोन तोटे. स्कोपमधून बघायला गाल टेकतच नाही, हनुवटी टेकते. आणि खांदा नळीच्या रेषेच्या जितका खाली, तितकं धक्क्याने तोंड वर उचलायला बळ मिळतं. बटचा वरचा काठ नळीच्या रेषेजवळ असेल तर धक्का सरळ मागे येतो. हा आकाराचा दोष आहे, आणि कितीही ताठ लाकूड त्याला झाकत नाही. अण्णांनी वरून शिसवीचा एक ठोकळा चिकटवून गाल उंच करून दिला, पैसे घेतले नाहीत. गालाचं भागलं, बटचा उतार आहे तसाच आहे. मी वर-खाली होणारी गालपट्टी मागितली होती, त्याला साफ नकार. "हलणारं काही लावलं की ते हलणारच," म्हणाले. त्यांच्या बाजूने विचार केला तर बरोबर आहे, पण मुलगा आला की त्याच्या उंचीला हाच गाल चालत नाही.

तिसरी, पॉलिश. मी जवसाचं तेल सांगितलं होतं. त्यांनी शोकेसला मारतात तसलं चकचकीत मेलामाइन मारलं, कारण त्यांच्या मते तेलपाणी म्हणजे गरिबाचं काम. मे महिन्यात घामेजल्या हातातून तो सटकतो. मुठीवरचं मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढलं आणि तेल दिलं. बाकीचा अजून नवरदेवासारखा चमकतो.

चौथी, वेळ. गड्डा संपला की देतो म्हणाले. शिमगा गेला, पाडवा आला. मधे लग्नसराईचे पलंग निघाले, आणि पलंगापुढे बंदुकीला कोण विचारतो. फोन केला की "होऊनच गेलंय वहिनी, नुसतं घासायचंय". सहा इंचांचं घासायचं काम इतकं लांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

घ्यावा का, तर पाच-सात हजारांच्या रायफलला साडेचारचा स्टॉक हे गणित अनेकांना पटणार नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. तेवढ्यात चांगले छर्रे वर्षभर पुरतील. पण रायफलची नळी चांगली असेल, स्क्रूचं सगळं करून झालं असेल आणि तरी गट टिकत नसेल, तर हे काम करण्यासारखं आहे. जाणार असाल तर मूळ स्क्रू आणि वॉशर सोबत न्या, बुश त्यांच्या मापाने वळवावे लागतात. स्कोप काढून न्या. रायफल पिशवीत झाकून, रिकामी, स्प्रिंग न दाबलेली. लांबीचं माप कागदावर देऊ नका, समोर उभं राहून खडूने लाकडावर मारून घ्या. पॉलिश नको म्हणून दोनदा सांगा, आणि निम्मेच पैसे आधी द्या.

सध्या त्यांच्याकडे आणखी दोन स्टॉक रांगेत आहेत, एक आमच्या शेजारच्या कारखान्यातला. दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली की पलंग पुन्हा सुरू होतील, तेव्हा विचारायचं तर आत्ताच विचारा.